बटणाएवढी बॅटरी

देओलिंदाचा निरोप आला भर दुपारी:
‘माझी पत्रं जात नाहीत. येतात मात्र, वीजबिलं.’
म्हणजे कान शाबूत, वाचा गेलेली.
बोटीवरचा वायरलेस तसाच उघडा टाकला,
स्क्रू टोपीत ठेवले आणि चढ चढलो.

ओर्ताच्या वरच्या गल्लीत तिचं घर.
खिडकीत पाण्यापलीकडे पिकोचा डोंगर,
अर्धा ढगात, अर्धा उधारीवर.
टेबलावर शाळेनं भंगारात काढलेला संगणक;
त्यावर लिनक्स मीच घातलं होतं,
सहा वर्षांमागे, चीजच्या एका चकतीवर.

आधी बघायचं ते बघून झालं.
केबल. पासवर्ड. सर्व्हरच्या नावात
टिंबाच्या जागी स्वल्पविराम तर बसला नाही ना.
पंचवीस नंबरचं दार कंपनीनं केव्हाच लिंपून टाकलंय.
पाचशे सत्त्याऐंशीवर टकटक केली,
पलीकडून कुणी ‘बोला’ म्हणालं,
आपलं प्रमाणपत्र पुढे केलं
आणि आमच्याच यंत्रानं तोंड फिरवलं.

लॉगमध्ये तीच ओळ, खाली, आणखी खाली,
जपाला बसल्यासारखी:
प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.

अजून?
संपलेलं कळतं. मुदत कुणाची संपत नाही?
पण अजून सुरूच न झालेलं?
‘पोटात आहे का ते?’ देओलिंदानं विचारलं.

मग कुठे माझी नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली.
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
आतली बटणाएवढी बॅटरी मेलेली;
यंत्र रोज उठायचं ते त्याच एका सकाळी,
आणि जगानं पुढे केलेला कागद
त्याला उद्याचा, म्हणून खोटा वाटायचा.
‘मला दिसायचं ते,’ ती म्हणाली,
‘पण म्हटलं, ते त्याचं खासगी असेल.’

दोन हजार नऊ.
तेव्हा तिची आई होती.
कापेलोकडचं कुरण होतं, हायड्रेंजियाच्या कुंपणासकट,
आणि हेर्मिनियो फॉल रिव्हरहून
दर रविवारी फोन करायचा.

मासळीच्या काट्यातली बॅटरी काढून हिच्यात बसवली.
वेळ लावली. रांगेला हुकूम सोडला: निघा.
एक गेलं. दुसरं. तिसरं.
ती एकदम उभी राहिली.
‘सगळी?’
सगळीच, अकरा.
‘सातवंसुद्धा?’

सातवं कुरण विकलं त्या रात्रीचं.
काय लिहिलं होतं ते तिनं सांगितलं नाही,
नुसते हात पाठीमागे घेतले, कीबोर्ड तापल्यासारखे.
आठव्यात बटाट्यांचं होतं, नवव्यात गुडघ्याचं;
त्याचं उत्तर येईना, म्हणून ती हळूहळू
मऊ होत गेली होती, एकटीच,
न झालेल्या भांडणात.

‘परत बोलावता येतात?’
रांग पुसायचाही हुकूम असतो, मी म्हणालो,
तेवढ्याच अक्षरांचा. फक्त तो आधी द्यायचा.

मग मला ते सुचलं, आणि मी घाईनं सांगितलं:
पत्राच्या कपाळावर ते लिहिल्याची तारीख असते.
ही सगळी जुन्या तारखेची. त्याच्या पेटीत
अगदी तळाशी जाऊन बसतील,
इतक्या वर्षांच्या जाहिरातींखाली.
‘म्हणजे त्याला सातवं दिसायचं नाही?’
बहुतेक नाही.
मला वाटलं, सुटली.

तिनं कॉफी ओतली. साखर विसरली.
‘आणि गुडघ्याचं?’
तेही तिथेच.

डोंगरावरचा ढग खाली आला होता,
पिको नव्हताच आता.
ती बसली, चष्मा पुसला,
एका बोटानं बारावं पत्र लिहिलं,
आजच्या तारखेचं:
‘हेर्मिनियो, अगदी तळाशी बघ.
सगळी वाच. क्रमानं.’
आणि मी काही म्हणायच्या आत
स्वतःच बटण दाबलं.

दोनशे पन्नास, लॉग म्हणाला. स्वीकारलं.
कुणी, ते त्याला ठाऊक नसतं.

बोटीवर आलो. टोपी उलटी केली.
एक स्क्रू कमी.